हिरो पाणी पिताना

टँकर आला नाही आणि आईची मेंढरं बाजारात गेली. हे असं पहिल्याच ओळीत सांगायला नको होतं, पण तोंडातून गेलं. आता आपण एक करू: मी हे बोललोच नाही आणि तुम्ही ऐकलंच नाही. टँकर अजून यायचाय. मेंढरं तेलगावच्या शिवारात बाभळीखाली एकमेकांच्या पोटाखाली डोकी घालून उभी आहेत, आणि मी माजलगावच्या थेटरात पडद्याकडं पाठ करून, दोन बोटं तोंडाजवळ धरून उभा आहे. माझ्यासमोर खुर्च्यांवर आमचं गाव बसलंय, शेजारची गावं बसलीत, जागा पुरली नाही ते मधल्या वाटेत बसलेत. माझ्या मागं, पडद्यावर, हिरोनं आत्ताच बाटलीचं झाकण फिरवलं. मला ते दिसलं नाही, ऐकू आलं. भिंतींवर नव्यानं बसवलेल्या स्पीकरांतून ते झाकण असं कडकडलं की कुणीतरी माझ्याच मानेचा मणका सोडवतंय असं वाटलं. समोरच्या सगळ्या तोंडांवर निळा उजेड पडला. आता ओरडायचं होतं. उन्हाळाभर आम्ही तेवढंच शिकलो होतो. आणि कुणीच ओरडत नव्हतं.

सिनेमाचं नाव मी सांगत नाही. ते पोस्टरवरसुद्धा शोधावं लागतं. वर थेंबो, खाली थेंबो, हिरोच्या छातीवर थेंबो, हिरोच्या घोड्याच्या पाठीवर थेंबो, आणि मग कोपऱ्यात, कंपनीनं दया केल्यासारखं, सिनेमाचं नाव. थेंबो म्हणजे बाटलीतलं पाणी. हा चौथा भाग होता. पहिल्या भागात हिरो बापाचा बदला घेतो, दुसऱ्यात भावाचा, तिसऱ्यात पहिल्या दोन बदल्यांच्या गडबडीत राहून गेलेल्या चुलत्याचा, आणि चौथ्यात घरात कुणीच शिल्लक नसल्यामुळं तो देशाचा बदला घेतो. पहिला भाग मी आणि माझा दोस्त शहादेव याच थेटरात बघायला आलतो. त्या भागात हिरोकडं काहीच नव्हतं. एक शर्ट होता, तोही फाटका, आणि त्या शर्टावर कुणाचं नाव नव्हतं. मार खाऊन तो एका हापशावर यायचा, दांडा मारायचा, पाणी यायचं नाही, परत मारायचा. तेव्हा माझ्या तोंडातून शिट्टी गेली ती मी मारली नव्हती. ती आपोआप गेली, शिंक जाते तशी. शहादेव खुर्चीवर उभा राहिला आणि खुर्ची तुटली आणि तुटलेल्या खुर्चीवर तो पुन्हा उभा राहिला. दुसऱ्या भागात हिरोनं गॉगल लावला आणि गॉगलवाल्याचं नाव पडद्यावर आलं. तिसऱ्यात त्याचं बनियन बोलायला लागलं. मी शिट्ट्या मारतच राहिलो. पण मधे कधीतरी असं व्हायला लागलं की आधी मला कळायचं, आता शिट्टीची जागा आली. मग मी बोटं तोंडात घालायचो. हे मी कुणाला सांगितलं नाही. सांगण्यासारखं त्यात काय होतं? जेवायच्या वेळेला भूक नसली तरी माणूस ताटावर बसतोच.

यंदा मात्र शिट्टीला किंमत आली. कंपनीनं जाहीर केलं, की मराठवाड्यातल्या ज्या थेटरात हिरो थेंबो पिताना सगळ्यात मोठा जल्लोष होईल, त्या थेटरच्या आसपासच्या गावांना पाऊस पडेपर्यंत रोज टँकर. टँकरवर हिरोचा फोटो असेल, पण आत पाणीच असेल, असं आम्ही दोनदा विचारून घेतलं. जल्लोष मोजायला एक यंत्र होतं आणि यंत्राबरोबर पुण्याचा एक साहेब होता. दाढी कोरलेली, पायात पांढरे बूट, ते पहिल्याच दिवशी आमच्या फुफाट्यात आमच्यासारखे झाले. साहेब म्हणाला, मोजणी फक्त पिण्याच्या सीनची. बाकीचा सिनेमा तुम्ही झोपून काढलात तरी कंपनीची हरकत नाही. हे तो इतक्या मनापासून म्हणाला की त्यानं सिनेमा आधी पाहिलेला असावा.

आणि आमचं थेटर सहकारी. कारखाना सहकारी, दूध सहकारी, सूत सहकारी, मग करमणूक तेवढी सावकारी का, असं कुणालातरी एके काळी वाटलं आणि ही संस्था निघाली. चेअरमन भगवानराव. ते पांढऱ्या कपड्यांत पडद्यासमोरून गेले तर त्यांच्यावर सिनेमा उमटतो. आमच्याकडं सभा कशी होते ते सांगायला पाहिजे, नाहीतर पुढचं कळायचं नाही: ठराव वाचायला घेतला की पहिल्या दोन शब्दांवर पुढच्या रांगा "मंजूर" म्हणतात, मागच्या रांगा त्यांच्यावरून म्हणतात, आणि ठराव काय होता ते वाचणाऱ्यालाही नीट कळत नाही. ही सवय थेटरातही आलेली आहे. तिसऱ्या भागात खलनायक म्हणाला होता, मी हे शहर बेचिराख करीन, आणि बाल्कनीतून खणखणीत आवाज आला होता, मंजूर. भगवानरावांनी तालमीसाठी सभासदांची सभा बोलावली. "हे बघा, एन्ट्रीला शिट्टी, फायटिंगला टाळी, बाटलीला आरोळी. घरटी एक माणूस आलाच पायजे. हाय का मंजूर?" मंजूर झालं. "आन् सगळ्यांच्या म्होरं शिट्टी कोण मारील?" शहादेवनं माझी कॉलर धरून मला उभं केलं. "ह्यो सुग्रीव. ह्याची शिट्टी धरणाच्या भिंतीवरून ऐकू येती, साहेब. धरणात पाणी असतं तर लाट उठली असती." धरणात तेव्हा मृतसाठा होता. मृतसाठा हा शब्द मला लहानपणापासून आवडत नाही. त्यात मेलेलं नक्की कोण आहे हे कुणी सांगत नाही.

मी कबूल झालो ते आईसाठी. आमच्या घरी शेतापेक्षा मेंढरं जास्त, आणि मेंढरांचं सगळं आईकडं. सारजाबाई म्हटलं की लोकांना आधी मेंढरं आठवतात आणि मग त्यांच्या मागची बाई. चारा-छावणी लागली तेव्हा आई सगळा कळप घेऊन दारात उभी राहिली. तिथला माणूस म्हणाला, हितं फकस्त मोठी जनावरं. आई म्हणाली, "मोठं म्हंजी केवढं? तहान काय अंगावरनं मोजत्यात?" त्या माणसानं वरून आलेला आदेश दाखवला. आईनं वर पाहिलं. वर काही नव्हतं, ऊन होतं. त्या दिवसापासून आई मी आणलेल्या घागरी मेंढरांना वाटून पाजायची, आणि एकाचं तोंड काढून दुसऱ्याचं लावताना स्वतः दुसरीकडं बघायची. तिला मेंढराचं तोंड पाण्यातून काढायची सवय नव्हती. शेवटी ती म्हणाली, "येत्या बाजारापस्तोर बगते. पाणी आलं तर ऱ्हातील. न्हाई आलं तर इकून टाकते. माझ्या डोळ्याम्होरं सुकण्यापरीस दुसऱ्याच्या दारात तरी पेतील." मी म्हणालो, टँकर येतोय. "कुठनं?" थेटरातून. तिनं माझ्याकडं असं पाहिलं, जसं हरवलेलं कोकरू सापडतं पण दुसऱ्याचं निघतं.

तालीम फार झकास झाली. देवळापुढच्या मोकळ्या जागेत शहादेव हिरो झाला. त्यानं हात कमरेवर ठेवला, बाटली तोंडाला लावली, आणि मी शिट्टी मारली आणि सगळ्या बायाबापड्यांनी अशी आरोळी ठोकली की झाडावरची वटवाघळं भर उन्हात उडाली. ऊसतोडीवरून परत आलेली माणसं तर फडात ट्रॅक्टरवाल्याला हाक मारावी तशी ओरडली. साहेबाचं यंत्र टोकाला गेलं. तो म्हणाला, सुपर. त्यानं मला बाजूला घेऊन असंही सांगितलं की ही खरी ऑडियन्स आहे, इथं फीलिंग शुद्ध आहे. आई पण ओरडली होती. "बरं वरडले का रं?" असं तिनं मला मागून विचारलंही. सगळं बरोबर होतं. फक्त शहादेवच्या हातातली बाटली रिकामी होती, आणि हे आमच्यापैकी कुणाच्या, साहेबाच्या, भगवानरावांच्या, माझ्यासुद्धा ध्यानात आलं नाही.

आता बाटली भरलेली होती. मला ती दिसत नव्हती, तरी भरलेली आहे हे समोरच्या तोंडांवरून कळत होतं. सिनेमा बघणारी तोंडं मी आयुष्यात पहिल्यांदाच बघत होतो. इतकी वर्षं मी त्यांच्यातलाच एक होतो आणि माझं तोंड मला दिसलं नव्हतं. एन्ट्रीला हीच तोंडं व्यवस्थित उघडली होती. फायटिंगला टाळ्या झाल्या होत्या, जरा नोकरीतल्यासारख्या, पण झाल्या होत्या. साहेब बाजूच्या भिंतीला यंत्र घेऊन उभा होता आणि मला अंगठा दाखवत होता. मग झाकण फिरलं. मग स्पीकरांतून पहिला घोट आला. तो घोट भिंतीएवढा होता. घशात पाणी उतरताना जो आवाज होतो, आपण रात्रंदिवस करतो आणि ऐकत नाही, तो आवाज चारी बाजूंनी आला, आणि समोर सगळ्यांचे गळे एकदम वरखाली झाले. माझाही झाला. माझं तोंड कोरडं होतं, बोटांना घामाची खारट चव होती, आणि मला कळत होतं की आत्ता, आत्ताच, ही बोटं आत घालून हवा सोडायची की झालं; बाकीचे माझ्या मागून येतील, ते मागून यायलाच बसलेत. दुसरा घोट आला. शहादेव पहिल्या रांगेच्या टोकाला होता. तो मला म्हणाला, "सुग्र्या, मार की बे. मार की." पण हे तो कुजबुजत म्हणाला. शहादेव आयुष्यात कधी कुजबुजलेला नाही.

पहिल्या रांगेत मधोमध आई बसली होती. पुढं बसलं की नीट दिसतं, असं तिचं म्हणणं. मान पार वर करून, पदर दातात धरून ती बघत होती. तिसऱ्या घोटाला तिनं पदर सोडला, ओठांचा चंबू केला आणि शीळ घातली. शिट्टी नव्हे. शीळ. हळू, लांब, एका सुरातली, जनावर हौदावर तोंड लावतं तेव्हा घालतात ती. ज्यांनी ती ऐकली नाही त्यांना सांगून उपयोग नाही, पण सांगतो: ती ऐकली की जनावर बिनघोर पितं, त्याला कळतं की मागं कुणीतरी उभं आहे आणि घाई नाही. मी लहान असताना एकदा पाझर तलावावर कळप पाण्यावर आला होता आणि मी आनंदानं ओरडलो होतो. काय आनंद झाला होता ते आता आठवत नाही. बहुतेक काहीच नाही, पाणी होतं एवढंच. सगळ्या मेंढरांनी एकदम माना वर केल्या. पुन्हा खाली घातल्याच नाहीत. आईनं मला मारलं नाही. तिनं माझ्या तोंडावर हात ठेवला, तो हात लोकरीचा वास मारत होता, आणि ती माझ्या कानात म्हणाली, "पेतंय त्याच्याम्होरं वरडू न्हाई, लेकरा." मग तिनं शीळ घालायला सुरुवात केली आणि एकेक मान खाली जायला लागली. मी नाकानं श्वास घेत उभा होतो. तो हात माझ्या तोंडावर तसाच आहे की काय असं मला थेटरात वाटलं.

आईच्या शेजारच्या बाईनं शीळ उचलली. मग तिच्या मागच्या म्हाताऱ्यानं. ऊसतोडीवाल्यांनी उचलली, त्यांनीही बैल पाजलेले होते, गाडीचं जू काढून, दुसऱ्याच्या गावातल्या हौदांवर. बाल्कनीतून आली. मधल्या वाटेतून आली. एक सबंध थेटर, ज्याला आरोळी शिकवलेली होती, एका उपऱ्या, तेल लावलेल्या, मुंबईच्या हिरोला हौदावर आलेल्या बैलासारखं समजून हळूहळू पाणी पाजायला लागलं. भगवानराव दाराशी उभे होते. ते हात हवेत फिरवत होते, उठा, ओरडा, उठा. आणि हात फिरवता फिरवता त्यांचेच ओठ चंबू झालेले मी पाहिले. त्यांच्या घरी पूर्वी खिल्लारी बैलजोडी होती. साहेब यंत्रावर बोट आपटत होता. त्याला वाटलं यंत्र बिघडलं. यंत्र बिघडलं नव्हतं, ते बिचारं खरं तेच दाखवत होतं: इथं पंखा चालू असावा, याहून जास्त काही नाही.

माझा संताप अजून उतरलेला नाही, आणि तो कुणावर काढावा हे ठरत नाही. आईवर काढावा तर ती तिच्याच मेंढरांचा टँकर एका शिळेपायी उडवत होती आणि तिला ते माहीत होतं. मी तिला शंभरदा समजावलं होतं. गावावर काढावा तर त्यांनी ठराव मंजूर केला होता, आणि आमच्याकडं मंजूर केलेला ठराव कोण पाळतं? स्वतःवर काढावा, तर माझी बोटं तोंडात होती. छातीत हवा होती. मी ती सोडली. आणि जी आली ती शीळ होती. दोन बोटं तोंडात घालून शीळ येत नाही, हे कुणालाही विचारा. मला बोटं बाहेर काढावी लागली. मी ती काढली. म्हणजे कुठंतरी आत मी ठरवलं, आणि मला विचारलं नाही.

तेवढ्यात हिरोनं पिणं थांबवलं. अर्धी बाटली उरली होती, हे मला नंतर शहादेवनं सांगितलं. हिरोनं ती अर्धी भरलेली बाटली खलनायकाच्या डोक्यावर हाणली, पाणी सगळ्या पडद्यावर उडालं, कंपनीचं नाव आलं, बँड वाजला. आणि आमच्या थेटरातून असा आवाज निघाला, "आरारारारा", की माझ्या पायाखालचं लाकूड हललं. कुणी शिवी दिली, कुणी कपाळाला हात लावला, एक म्हातारी मोठ्यानं म्हणाली, "मुडद्या, न्हाई प्यायचं तर ठिव की!" तो आवाज मोजला असता तर आम्ही मराठवाड्यात काय, देशात पहिले आलो असतो. पण साहेबानं तोवर यंत्र मिटून पिशवीत घातलं होतं. स्पर्धा पिण्याची होती. फेकण्याची नव्हती.

बाहेर पायऱ्यांवर साहेब मला म्हणाला, "तुम्ही लोक ओरडला का नाही?"

"तो पीत होता ना."

"मग?"

मी म्हणालो, "पीत होता."

"अहो, तेच तर! पीत होता म्हणूनच ओरडायचं होतं!"

हे बोलणं आम्ही तीन-चार वेळा असंच्या असं केलं. त्याला वाटलं मी मंद आहे, मला वाटलं त्याच्या घरी गाय नसावी. शेवटी त्यानं मोबाइलमध्ये काहीतरी टिपलं आणि शेजारच्याला सांगितलं की प्रॉडक्टशी कनेक्ट झाला नाही, रिस्पॉन्स थंड. थंड! भगवानरावांनी मात्र हार मानली नाही. ते वरच्या पायरीवर चढले. "सभासदहो, सदर आरोळी झाली असं समजण्यात यावं, हाय का मंजूर?" आणि "मंजूर!" अशी जी आरोळी झाली ती ऐकून रस्त्यावरची रिक्षा थांबली. साहेब गाडीत बसला होता. त्यानं काच वर केली.

आई शेवटी आली, गर्दी ओसरल्यावर. मला वाटलं ती टँकरचं विचारील आणि मी काय उत्तर द्यायचं ते जुळवत होतो. ती म्हणाली, "पुरलं का रं त्याला? मदीच का सोडलं त्यानं?" मी पायऱ्या उतरायला लागलो. बोललो असतो तर ओरडलो असतो.

आता ते सुरुवातीचं, न बोललेलं, बोलावं लागतंय. बाजाराच्या दिवशी आम्ही सकाळीच निघालो. आई पुढं, कळप मधे, मी मागं. घेणारा लातूरकडचा होता, त्याच्या गावाला विहिरीला अजून पाणी होतं, हे आईनं त्याच्याकडून तीनदा वदवून घेतलं. एवढीच एक गोष्ट तिनं ठरवताना विचारली, बाकीचं मी ठरवलं. टेम्पोत चढवताना मेंढरं ओरडत होती, आणि आई ज्याचं त्याचं नाव घेऊन त्याला जागेवर बस म्हणत होती. टेम्पो गेल्यावर ती बराच वेळ रस्त्याच्या त्याच बाजूला उभी राहिली, जिथं कळप असता तर तिला उभं राहावं लागलं असतं. परतीच्या एसटीत तिच्या हातात काठी होती. कंडक्टर म्हणाला, मावशी, काठी खाली ठेवा, कुणाच्या डोळ्यात जाईल. तिनं ती पायाशी आडवी ठेवली. मग हातांचं काय करावं हे तिला कळेना. तिनं ते मांडीवर ठेवले, उचलले, परत ठेवले. खिडकीतून कारखान्याची चिमणी दिसली, थंड. पुढं भिंतीवर चौथ्या भागाचं पोस्टर दिसलं. आईनं मान वळवून ते मागं जाईपर्यंत पाहिलं.

"ह्याचा आनखी एक येनार हाय म्हनं?"

"पाचवा. पुढच्या वर्षी."

"त्यात तरी पिऊ देतील का त्याला पोटभर?"

मेंढवाडा रिकामा झालाय, घरी गेल्यावर बाहेर कुणी बें करणार नाही, आणि ही बाई त्या माणसाची काळजी करतीय ज्याची आंघोळ ह्याच बाटल्यांनी होते. "आई, ते खोटं असतंय," मी म्हणालो, जरा जोरातच, पुढच्या सीटवरचा माणूस वळला. "सगळं खोटं. त्याला तहान न्हवती. त्यानं पाणी प्यायला पैसे घेतलेत!"

"आसू दे," आई म्हणाली. "पन मदीच तोंड काढलं त्याचं. तू शिकलायस. आर्ज टाक."

मी नाही म्हणालो. ती पुढचा सगळा रस्ता हात मांडीवर ठेवत आणि उचलत राहिली. तेलगावचा फाटा आला तेव्हा मी म्हणालो, बरं, टाकतो. टाकला. तो असा:

प्रति, मा. व्यवस्थापक, थेंबो पेयजल, यांस. विषय: पाचव्या भागाबाबत. महोदय, उपरोक्त विषयी विनंती करण्यात येते की, आगामी भागात नायकास पाणी देण्यात आल्यास ते त्याला शेवटच्या घोटापर्यंत पिऊ द्यावे, त्याने स्वतः मान वर केल्याशिवाय दृश्य कापू नये, व तोपर्यंत पार्श्वसंगीत बंद ठेवण्याबाबत संबंधितांस आदेश व्हावेत. तसेच कथेच्या गरजेपोटी उरलेले पाणी फेकणे अटळ असल्यास ते मौजे तेलगाव, जिल्हा बीड, या दिशेने फेकण्यात यावे, व फेकण्यापूर्वी ग्रामस्थांस भांडी मांडण्याइतपत पूर्वसूचना द्यावी, ही नम्र विनंती. अर्जदार: सारजाबाई धुळाजी, मेंढपाळ. (सध्या मेंढरे नाहीत.)